एफडी मोडू की लोन काढू? आधी एकाच हाताचं बघा

ताई, तुमचा प्रश्न असा की स्क्लेरोडर्मामुळे (कातडी कडक आणि घट्ट करणारा आजार) दोन्ही हातांची बोटं मधल्या सांध्यात वाकून बसलीयेत, सर्जन सांधे फ्यूज करू, म्हणजे हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकू म्हणतायत, आणि दोन्ही हातांचं एकदमच उरकून टाकायला रिटायरमेंटची एफडी मोडू का पर्सनल लोन काढू.

लोन नकोच. हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होणार आणि नेमका तेव्हा हात पट्टीत, कमाई बंद.

आता पैसे कशाचे देताय ते नीट बघा. बोट परत वाकायला-सरळ व्हायला लागेल असं यात काही नाही, सांधा काढून, हाड थोडं आखूड करून ते साधारण 30 ते 50 अंशांत कायमचं पक्कं करतात. मिळतं काय, तर सांध्यावरची ताणून पांढरी पडलेली आणि सारखी फुटणारी कातडी सैल होते, बोट पेला धरायला, किल्ली फिरवायला सोयीच्या जागी येतं. माझ्या मते एवढ्यासाठीही खर्च करणं वर्थ आहे, फक्त मनात दुसरंच काही धरून करू नका.

खरा खड्डा हॉस्पिटलच्या बिलानंतर पडतो. या आजारासोबत येणाऱ्या रेनॉमुळे, म्हणजे थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याच्या त्रासामुळे, बोटांना रक्तच कमी पोचतं, त्यामुळे जखम भरायला इतरांपेक्षा जास्त वेळ जातो, हाड धरून ठेवणाऱ्या पिना कित्येक आठवडे आत राहतात, मग ड्रेसिंग, स्प्लिंट, हँड थेरपी, शिवाय भुलीच्या आधी फुफ्फुस आणि हृदयाच्या तपासण्या, आणि दोन्ही हात एकदम केले तर जेवायला-आंघोळीलाही पगारी माणूस ठेवावा लागेल तो खर्च वेगळाच.

म्हणून जास्त त्रास देणारा हात आधी. एफडीतून तेवढेच काढा, सगळी मोडू नका, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच तारीख घ्या. इन्शुरन्सवाल्यांकडून मंजुरी लेखी घ्या, पिना काढायचं आणि थेरपीचं कव्हर आहे का तेही त्यातच विचारा, फोनवरच्या "हो मॅडम"वर जाऊ नका. सिगरेट असेल तर आजच बंद, जखम भरण्यासाठी याच्याइतका फुकटचा उपाय नाही.

पण सांध्यावरची जखम आतपर्यंत उघडली असेल, पू येत असेल किंवा बोट काळं पडत असेल तर हे सगळं गणित सोडा, एफडी मोडा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. तसं नसेल तर दुसऱ्या हाताचा निर्णय पहिला हात पूर्ण भरल्यावर, तोवर ते पैसे कधीही काढता येतील असे ठेवा.