पांढरा वाघ आणि बाफल्याचं पीठ

प्रश्न : सर, दिवाळीच्या सुट्टीत नातवाला इथल्या चिडियाघरात नेलं. पांढरा वाघ बघून म्हणाला, "आजी, ही नवी जात का?" शाळेत तर उत्क्रांती हळूहळू होते असं शिकवतात. मग हा रंग एकदम कुठून आला? – एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, वाघ जुनाच आहे. रंगाच्या कृतीत फक्त एक चूक झालीय. २०१३ साली ती सापडली : प्रथिन म्हणजे छोट्या घटकांची माळ; अशा एका माळेत ४७७व्या जागी अलॅनिन या मण्याऐवजी व्हॅलिन हा मणी बसलाय. तेवढ्यानं पिवळा गेला, काळे पट्टे राहिले. अशी चूक, म्हणजे उत्परिवर्तन, घडतं एकदमच. दिसायला मात्र पिढ्या जातात, कारण आई आणि बाप दोघांकडून ती आली तरच रंग पांढरा.

रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी १९५१ साली मोहन हा पांढरा बछडा पकडून गोविंदगढच्या वाड्यात ठेवला. बेगम नावाच्या साध्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं झाडून सगळी पिवळी! मग त्यातल्याच राधाशी, म्हणजे पोटच्या लेकीशी, जोडी लावली आणि १९५८ साली चार पांढरी पिल्लं झाली. वर्गात हे सांगितलं की पोरं आधी नाक मुरडायची, मग वहीत तक्ता काढायची. यात नवी जात कुठेच नाही, माणसाची हौस तेवढी आहे. चूक टिकेल की पुसली जाईल हे जंगलात निसर्गाची निवड ठरवते, पिंजऱ्यात आपण.

पण नातू अगदीच चुकला नाही. हॉलंडचे ह्यूगो द व्रीस यांना १८८६ साली पडीक बटाट्याच्या शेतात संध्याकाळी फुलणारी पिवळी प्रिमरोझ भेटली. तिच्या बियांतून मधूनच भलतीच रोपं निघत. त्यावरून १९०१ साली त्यांनी मांडलं, की नव्या जाती उडीनंच जन्मतात. पुढे कळलं, की त्या झाडाची गुणसूत्रंच, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागेच, विक्षिप्त वागतात. त्यातल्या एका दांडग्या रोपात १४ च्या जागी २८ निघाली. म्हणजे सिद्धांत लंगडा पडला, पण ते एक रोप खरंच उडी मारून आलेलं होतं!

वनस्पतींना ही उडी जमते. तुमच्या डब्यातच बघा ना. बाफल्याच्या, म्हणजे उकडून भाजलेल्या बाटीच्या, कठिया गव्हात २८ गुणसूत्रं, पोळीच्या शरबतीत ४२. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी २८वाल्या गव्हाचा शेताकडेच्या एका रानगवताशी संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि पोळीचा गहू उभा राहिला. ते पीक माणसानं राखलं, म्हणून टिकलं.

पुढच्या वेळी दळणाला नातवालाही न्या. दोन्ही दाणे त्याच्या तळहातावर ठेवा. कठिया काचेसारखा कडक लागेल, चावून बघायचा हट्ट धरला तर दुधाचे दात सांभाळा.