सोलापूरसारख्या कोरड्या भागात राहून कविता आणि शास्त्रीय संगीतातून निसर्गाचा आनंद कसा घ्यावा?

तुम्ही विचारलंय, सोलापुरात ना धबधबे ना दाट झाडी, मग निसर्गकवितेत आणि ऋतूंच्या रागांत मन रमणार कसं? मी इथलाच. मला वाटतं, आपण कोकणातला श्रावण शोधत बसतो म्हणून रमत नाही. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, ज्वारी रब्बीची, आणि त्याआधी लांबलचक उन्हाळा. कविता आणि राग या चक्राला धरून निवडा.

सुरुवात मे महिन्यातल्या भर दुपारी करा. सारंग हे दुपारचेच राग. त्यातला मधमाद सारंग ऐका: सा, रे, म, प आणि कोमल नी, एवढेच स्वर, गंधार (ग) नाही, धैवत (ध) नाही. लगेच त्याच्यामागे मेघ हा पावसाचा राग लावा. स्वर तेच पाच! सारंगात रिषभ (रे) मोकळा, सरळ लागतो. मेघात तोच रिषभ मध्यमाचा (म) कण, म्हणजे ओझरता स्पर्श घेऊन झुलतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि गमक (स्वराला दिलेला जोरकस हेलकावा) येते, गायक मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात रेंगाळतो, आणि ढग भरून आल्यासारखं वाटू लागतं. मला हे फार विलक्षण वाटतं, कारण आपला वळीव असाच तयार होतो. जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, दुपार कलली की ढग उभे राहतात. ज्या उन्हाला आपण वैतागतो तेच पाऊस घेऊन येतं. हे दोन राग असे पाठोपाठ ऐकायला सोलापूरइतकी चांगली जागा नाही, असं मी मनापासून म्हणतो.

कवितेत आधी ना. धों. महानोर. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी. ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या. पावसाकडे डोळे लावून बसणं त्यांना शेतातूनच ठाऊक होतं, म्हणून त्या आपल्या वाटतात. मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा. बहिणाबाईही तशाच. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, कविता घरकाम आणि शेतकाम करता करता झाल्या, त्यामुळे त्या कानानेच कळतात. घरात कुणी म्हातारी आत्या-आजी असेल तर जात्यावरच्या ओव्या जरूर विचारा. कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीतं आणि राग एकत्र गुंफून ऋतूंचे कार्यक्रम केले. त्यातलं ‘गीतवर्षा’ मिळवून ऐका.

पाश्चात्त्य संगीतातलं एकच सांगतो. जॉर्ज मेरेडिथ या इंग्रज कवीने १८८१ मध्ये आकाशात चढत जाणाऱ्या चंडोल पक्ष्यावर कविता लिहिली. तिच्यावरून राल्फ वॉन विल्यम्स यांनी १९१४ साली ‘द लार्क असेंडिंग’ रचलं. व्हायोलिन म्हणजेच चंडोल. साधारण पंधरा मिनिटांची रचना आहे. त्यांचा चंडोल वेगळ्या जातीचा, पण गात गात वर चढायची रीत आपल्या माळावरच्या चंडोलांचीही आहे. उघड्या माळावर गायला उंच फांदी कुठली, तेव्हा आकाशालाच फांदी करायची! नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूचा माळ यासाठी उत्तम. पावसाळा तोंडावर आला की पहाटे जा. रचना आदल्या रात्री घरी ऐकून घ्या. माळावर मोबाईलवर काही लावू नका, पाखरं बिचकतात.