वाचकांचे प्रश्न : गिटमधले हरवलेले कमिट

प्रश्न : गिट (फायलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारे साधन) वापरताना चुकून ‘गिट रिसेट --हार्ड’ चालवले आणि दोन दिवसांचे चार कमिट (नोंदवलेल्या आवृत्त्या) लॉगमधून गायब झाले. काही फायलींतले बदल तर कमिटही केले नव्हते. काही परत मिळेल का?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : चारही कमिट बहुधा तुमच्याच संगणकावर शाबूत आहेत. फक्त घाईने प्रकल्पाचे फोल्डर उडवून नव्याने क्लोन करू नका, म्हणजे सर्व्हरवरून नवी प्रत उतरवू नका. सुटकेचा मार्ग असलेला रिफ्लॉग (कमिट, रिसेट अशा हालचालींची नोंदवही) त्या फोल्डरातच असतो, सर्व्हरवरून तो उतरत नाही.

ब्रांच म्हणजे एका कमिटवर ठेवलेली खूण. रिसेटने ती मागे सरकते, कमिट पुसले जात नाहीत. ‘गिट रिफ्लॉग’ चालवा. रिसेटनंतर दुसरे काही केले नसेल, तर सर्वांत वरची ओळ रिसेटची आणि तिच्याखालची तुमच्या शेवटच्या कमिटची असेल. त्या ओळीच्या सुरुवातीचा छोटा क्रमांक घ्या आणि ‘गिट ब्रांच बचाव’ यापुढे एक जागा सोडून तो लिहा. प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा क्रमांक असतो, त्यामुळे ‘बचाव’ ब्रांचवर चारही सापडतील. ते तपासा, मगच मूळ ब्रांचमध्ये मर्ज करा (मिसळा). पुन्हा हार्ड रिसेट करूनही मागे जाता येते, पण रिसेटनंतर नवे काही टाइप केले असेल तर तेही जाईल. म्हणून आम्ही ब्रांचच सुचवतो. मुदत मात्र आहे : कोणत्याही ब्रांचवरून न पोचता येणाऱ्या अशा नोंदी मूळ सेटिंगनुसार ३० दिवस सुरक्षित असतात.

कमिट न केलेल्या बदलांचे नशीब ‘गिट ॲड’वर, म्हणजे पुढच्या कमिटसाठी फाइल निवडण्याच्या आज्ञेवर ठरते. ॲड करतानाच फायलीतल्या मजकुराची प्रत साठवली जाते. ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ चालवले की ‘.गिट’मधल्या ‘लॉस्ट-फाउंड’च्या ‘अदर’ फोल्डरात असे मजकूर येतात. फायलींची नावे नसतात, एकेक उघडून ओळखावे लागते. ॲडही केले नसेल तर गिटकडे काहीच नाही. व्हीएस कोड हा कोड-एडिटर वापरत असाल तर ती फाइल उघडून ‘टाइमलाइन’ जरूर पाहा; तिथे सेव्ह केलेल्या जुन्या प्रती असू शकतात.

प्रश्न : गिट प्रत्येक कमिटला सगळ्या फायलींचा पूर्ण स्नॅपशॉट घेतो म्हणतात. आमची रिपॉझिटरी (प्रकल्पाचा इतिहासासह साठा) त्यामुळेच फुगली का? त्यात ८० एमबीचा एक व्हिडिओ आहे, तो दर आठवड्याला बदलतो.

उत्तर : स्नॅपशॉट पूर्ण असतो, पण न बदललेली फाइल पुन्हा साठवली जात नाही, जुन्याच प्रतीचा क्रमांक नोंदला जातो. कोडच्या आवृत्त्याही पॅक होताना बारीक होतात. व्हिडिओ नव्याने एक्स्पोर्ट केला की जवळपास सगळे बाइट बदलतात, म्हणजे दहा आवृत्त्यांचे सुमारे ८०० एमबी. फाइल आज डिलीट केली तरी इतिहासात ती राहतेच. गिट एलएफएस (मोठ्या फायली वेगळ्या साठवणारी जोड) बसवा. ‘गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट’ जुना इतिहासही साफ करतो, पण कमिटचे क्रमांक बदलतात. आधी सर्वांचे काम पुश करून (सर्व्हरवर पाठवून) घ्या, नंतर प्रत्येकाला नव्याने क्लोन करायला सांगा.

प्रश्न : पासवर्डची फाइल ‘.गिटइग्नोर’मध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींच्या यादीत) टाकली, तरी ती पुश होतेच आहे.

उत्तर : आधीपासून ट्रॅक होणाऱ्या, म्हणजे गिटच्या नोंदीत असलेल्या फायलीवर ‘.गिटइग्नोर’ चालत नाही. ‘गिट आरएम --कॅश्ड’पुढे फायलीचे नाव देऊन कमिट करा, तुमच्या डिस्कवरची फाइल तशीच राहील. पण पासवर्ड जुन्या कमिटांत आहेच, तेव्हा तो आधी बदला.