घरची मराठी बंद करून वर्गातलं गणित सुटत नाही

घरी मराठी बोलणं बंद करावं का, असं आईवडील विचारतात. बंद करू नका. समजा मुलगी चौथीत, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व, शाळा हिंदी माध्यमाची, आणि बाई म्हणतात दोन भाषांनी गोंधळ होतो, घरी हिंदीच बोला. इंदुरातल्या मराठी घरांना हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. घरची तोडली तर आजीशी बोलणं तुटेल, बाकी काही नाही.

अडतं ते वर्गात. बाकीची मुलं बेरजा करतात आणि हिच्यापुढे रंगवायचं पुस्तक. याला समावेशन, म्हणजे दिव्यांग मुलांना बाकीच्यांसोबत शिकवणं, म्हणू नये. अशाच एका मुलीला त्याच तासाला आम्ही पैसे शिकवले. फक्त दहाच्या नोटा. किमतीच्या चिठ्ठीवर ३४, त्यातला ३ लाल. तीन नोटा मोजायच्या, वर एक जास्त, आणि उरलेले सुट्टे पैसे घ्यायला हात पुढे. हातच्याची बेरीज लागतच नाही. जमायला लागलं तसा लाल रंग फिका करत नेला. किमती ऐकवल्या त्या हिंदीत, कारण इंदूरच्या राजवाडा बाजारातला दुकानदार 'चौंतीस'च म्हणणार.

बिघडवलं ते सोबतच्या मदतनीस ताईंनी, अगदी मायेपोटी. दर वेळी 'एक और' म्हणायच्या. मुलगी नोटा सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. बोलून दिलेली मदत काढून घेणं सगळ्यात अवघड. मग ताईंना मागे उभं केलं: दहा सेकंद गप्प, तरीही नाही जमलं तर नोटेकडे बोट, शब्द नाही. ते दहा सेकंद मोठ्यांनाच सोसत नाहीत. 'वर्ग मागे पडतो' म्हणणाऱ्या शिक्षकांनी एकदा घड्याळ लावून बघावं.

भाषांचं ओझं खरंच होत असेल तर कमी शाळेत करायचं, घरात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १७: अभ्यासक्रम आणि परीक्षेत बदल, जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. पुढे तिसरी भाषा म्हणून संस्कृत आलं की लेखी अर्ज करा, पोच घ्या.

मात्र कानांची तपासणी झाली नसेल तर ती आधी. कमी ऐकू येत असलं तरी वर्गात ते 'गोंधळ' म्हणूनच दिसतं. आणि ती अजून एक-दोन शब्दांतच बोलत असेल, तर पाणी, दुखतंय, बाथरूम एवढे शब्द हाताच्या खुणेसोबत वापरा, प्रत्येक शब्दाची खूण घरी नि शाळेत एकच. भाषा कुठलीही असो, खूण तीच.