वकील तारखांना गेले नाहीत म्हणून भावाचा कामगार नुकसानभरपाईचा अर्ज निकाली निघाला. पुन्हा उघडता येईल का? घरचे म्हणतात, चूक भावाचीच.

तुमच्या प्रश्नातल्या त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले.

आधी उत्तर. उघडता येतो. त्याच न्यायालयात अर्ज पुन्हा फाइलवर घेण्याची विनंती करायची आणि गैरहजेरीचं सबळ कारण शपथपत्रावर लिहायचं. मुदत 30 दिवसांची. ती उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा. आमचे सात महिने उलटले होते, तरी झालं.

माझे अण्णा पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर होते. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. माल जास्त निघावा म्हणून त्यांच्या मशीनचं एक बटण कायमचं दाबून बांधलेलं होतं. 2007 साली डाव्या हाताची तीन बोटं गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि 'यापुढे काही मागणार नाही' अशा कागदावर सही मागितली. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे असा कागद मुळातच रद्दबातल असतो, पण हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! अण्णांनी सही केली नाही. 2008 मध्ये, दोन वर्षांच्या मुदतीत, अर्ज टाकला.

मग तारखा. अण्णा तोवर रात्रपाळीचे वॉचमन झाले होते. पाळी संपवून तसेच एसटीने जिल्ह्याला जायचे. वकील म्हणायचे, "तुम्ही कशाला येता, मी आहे ना." तरी जायचे. 2010 मधल्या एका तारखेला दिवसभर बसून आले आणि म्हणाले, "आज आमच्या नावाचा पुकाराच झाला नाही." पुढची तारीख वकील कळवतील म्हणून थांबले. सात महिन्यांनी मी स्वतः जाऊन रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या त्या तारखेच्या नोंदीची, नक्कल काढली. त्यात लिहिलं होतं: अर्जदार व त्यांचे वकील पुकारा करूनही गैरहजर, सबब अर्ज निकाली.

मोठे काका त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाले, "गेलाच नसेल हा. झोपला असेल घरी." अण्णा काहीच बोलले नाहीत. मी अजूनही त्या वाक्याला माफ केलेलं नाही.

अण्णा गेले होते. प्रकरण त्या महिन्यात दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झालं होतं, ते बसत वरच्या मजल्यावर. वकिलांना माहीत होतं, त्यांनी सांगितलं नाही आणि स्वतःही आले नाहीत. अण्णा जुन्या दालनाबाहेरच्या बाकावर चार वाजेपर्यंत बसून होते. प्रवासखर्च मागता येईल म्हणून ते एसटीची तिकिटं डायरीत त्या त्या तारखेच्या पानात ठेवायचे. त्या दिवसाची दोन्ही तिकिटं सापडली. मशीनच्या कागदावरची शाई उडत चालली होती, तारीख जेमतेम दिसत होती. मी त्याच दिवशी झेरॉक्स काढल्या आणि नव्या वकिलांनी त्या शपथपत्राला जोडल्या. सोबत 1981 चा सर्वोच्च न्यायालयाचा रफीक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल लावला: वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला देऊ नये. अर्ज पुन्हा फाइलवर आला.

पुढे रक्कम मिळाली. हिशोबात धरायची तेव्हाची पगारमर्यादा महिना 4,000, त्याचे 60 टक्के, वय 45 म्हणून कायद्यातल्या तक्त्याच्या 169.44 या आकड्याने गुणायचं, आणि त्याचे कायद्याच्या परिशिष्टात तीन बोटांसाठी ठरलेले 30 टक्के. 1,21,997 रुपये, वर 12 टक्के व्याज. तुमचा भाऊ पूर्वीचं काम करूच शकत नसेल तर परिशिष्टातल्या टक्क्यांवर थांबू नका. एक हात गेलेल्या सुताराची कमावण्याची क्षमता पूर्ण गेली असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच मानलंय. आमच्याकडून हा मुद्दा मांडायचा राहिला.

माझं मत स्पष्ट आहे. वकील कितीही ओळखीचा असो, प्रत्येक तारखेला माणसाने स्वतः जावं, पुकारा कुठे होणार हे शिरस्तेदाराला, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाला, विचारावं आणि पुढची तारीख स्वतःच्या डायरीत लिहून घ्यावी. ज्याचा रोज बुडतो त्याला हे महाग पडतं, मला माहीत आहे. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जावं. आमच्याकडे काका रिकामे होते. एकदाही गेले नाहीत.

एक राहिलं. रोजनाम्यात समोरची बाजू हजर होती का ते नीट बघा. ती हजर असेल तर त्याच कारणासाठी नवा अर्ज टाकता येत नाही, जुनाच उघडावा लागतो. दोघेही गैरहजर असतील तर नवाही टाकता येतो, पण दोन वर्षांची मुदत बहुधा संपलेली असते. हे सगळं 1923 च्या कायद्याखालच्या प्रकरणांचं. आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 आली आहे, त्यामुळे अपघाताची तारीख वकिलाला आधी सांगा. मी स्वतः वकील नाही.

आणि भाऊ त्या दिवशी कुठे होता, हे घरच्यांना नाही, त्यालाच विचारा. तो सांगेल त्याचा कागद शोधा, तिकीट असेल तर आजच झेरॉक्स काढा.