वीज कंपनी जमिनीवरून लाइन नेण्याचा हक्क लिहून मागतेय. सही करावी का?
मालकी तुमचीच राहते, पण तारांखालच्या पट्ट्यात बांधकाम आणि उंच झाडं सहसा बंद. शिवाय नोंदवलेला हक्क जमिनीला चिकटतो. उद्या विकलीत तरी नव्या मालकाच्या गळ्यात. म्हणून मोबदल्याच्या रकमेआधी कराराचा मसुदा वाचा. ‘कंपनीला आवश्यक वाटेल तेवढी जागा’ असं मोघम वाक्य दिसलं की थांबा. पट्ट्याची रुंदी, खांबांच्या जागा, लाइनचा व्होल्टेज, कंपनीच्या गाड्यांची वाट, सगळं मोजणीच्या नकाशासह लिहून घ्या. नाहीतर एका लाइनच्या दोन होतात, वर कुणा तिसऱ्याची इंटरनेट केबलही. दुरुस्तीत पीक तुडवलं जातंच, त्याची भरपाई दर वेळी वेगळी हवी. सरळ नकार? बऱ्याच देशांत कायद्याने सक्तीचा मार्ग असतो, त्यापेक्षा अटींवर भांडा. वकील मात्र स्वतःचा, कंपनीने सुचवलेला नको.