परसातल्या झुकिनीची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. काय करावं? आणि फळ काढायचं नेमकं केव्हा, मोठं होऊ द्यायचं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. परागीभवन होत नाहीये. इंग्लंडात जून गार आणि ओला गेला की मधमाश्या फिरकत नाहीत, मग ते काम आपल्या गळ्यात पडतं. सकाळी फुलं उमललेली असताना सरळ, बारीक देठाचं नर फूल तोडा, पाकळ्या सोलून टाका आणि आतला परागांनी माखलेला दांडा मादी फुलात हलकेच फिरवा. मादी फूल म्हणजे ज्याच्या मागे इवलीशी झुकिनी असते ते. दुपारपर्यंत फुलं मिटतात, तेव्हा चहा नंतर घ्या. आणि पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला, देठांच्या कुसांनी हाताला खाज सुटते.

पण मी लिहायला बसले ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. 'ओळखीचे म्हणतात, मोठी होऊ द्या, तेवढीच भाजी जास्त' असं तुम्ही लिहिलंय. हे ओळखीचे आमच्या घरातही आहेत. माझे धाकटे दीर. आमची दोघांची मिळून लेस्टरला एक अलॉटमेंट (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) आहे आणि झुकिनीवरून आमचं दर उन्हाळ्यात वाजतं. मी वीतभर झाली की सुरीने देठासकट कापते. भाऊजी मागून ओरडतात, "वहिनी, अहो अजून दोन दिवस थांबा की! पोरासोरांना कशाला तोडताय?" ते दोन दिवस म्हणजे काय असतात ते ज्याने लावलीय त्यालाच माहीत. जुलैत ऊन आणि पाऊस जोडीने आले की पानाखाली लपलेली एखादी बघता बघता मनगटाएवढी जाड होते. साल नखाने टोचत नाही, आत बिया कडक आणि गर कापसासारखा. शिवाय फळ जून होऊ दिलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं, नवीन फळं धरायचं ते मंदावतं. म्हणजे जास्त भाजीचा हिशोबही खोटाच. तोडत राहिलात तर एकेक झाड भर हंगामात आठवड्याला तीन-चार सहज देतं.

हे पटवायला जावं तर भाऊजी दर गणपतीला मंडळाच्या जेवणाला हातभर लांबीची झुकिनी घेऊन येतात, फोटो काढून घेतात आणि ती चिरायला माझ्याकडे देतात. जून झुकिनी चणाडाळ घालून, साल काढून, दुधीसारखी शिजवली तर पोटात जाते. त्यापलीकडे तिचं कौतुक नको.

कोवळीची मात्र पीठ पेरून भाजी करा. सालीसकट बारीक फोडी, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, मोठा गॅस, पाणी आटेपर्यंत झाकण अजिबात नाही. पाणी आटलं की तिखट-मीठ आणि भाजलेलं बेसन भुरभुरवायचं, मग दोन मिनिटं वाफ. मीठ आधी घातलंत तर सूप होतं. थालीपिठात किसून घाला, पण सुटलेलं पाणी पिळून टाकू नका, त्यातच भाजणी भिजवा. नर फुलं उरली की आतला दांडा काढून भजी, पिठात थोडं तांदळाचं पीठ आणि ओवा. थोडी फुलं झाडावर ठेवा म्हणजे झालं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. फळाची चकती कच्चीच जिभेला लावून बघा, कडू लागली तर थुंका आणि सगळी फेकून द्या. कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं ते, शिजवून जात नाही. २०१५ साली जर्मनीत हायडेनहाइमला घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एक आजोबा दगावले होते. आपल्याकडे कडू दुधीचं सांगतात तेच हे. आणि हा कडूपणा बहुतेक वेळा घरी धरलेल्या बियांतून येतो. शेजारी कोणी शोभेचे भोपळे लावले असतील तर माशी परागांची सरमिसळ करते. यंदाच्या फळाला काही होत नाही, बी मात्र बिघडतं. भाऊजींनी आपल्या त्या मिरवलेल्या राक्षसाचं बी धरून ठेवलं होतं आणि शेजारच्या प्लॉटमध्ये शोभेचे भोपळे होतेच. पुढच्या वर्षीचं पहिलं फळ मी चाखलं तर जीभ अशी आक्रसली की विचारू नका. ती सगळी रोपं मी स्वतः उपटली. "एखादंच कडू निघालं असेल," असं ते अजून म्हणतात. बी दरवर्षी पाकिटातलंच घ्या. परागीभवनाची कटकट नको असेल तर 'पार्थेनॉन' नावाचं वाण मिळतं, ते माशीवाचूनही फळ धरतं.

फळ चांगलं मोठं होऊन मग टोकाकडून सडत असेल तर ते वेगळं प्रकरण, बहुधा पाणी अनियमित पडतंय. ऑगस्टच्या शेवटी पानांवर पांढरी भुरी येईल, तिला घाबरू नका. आणि सहा रोपं लावलीत म्हणता, चौघांच्या घराला दोन पुरतात. उरलेली चार आत्ताच कोणाला तरी देऊन टाका, ऑगस्टमध्ये फुकटची झुकिनीसुद्धा कोणी घेत नाही.